दुरुस्त केलेला मसुदा

बँकेच्या प्रशिक्षण विभागात मी बरीच वर्षं काढली. बढतीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांना नेतृत्वगुण शिकवणं हे माझं काम. त्यासाठी विमानतळावर मिळतात तसली पुस्तकं वाचली. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, आरशासमोर बोला! वाईट काही नाही त्यात. पण वर्गात मला खरा आधार वाटायचा तो पुण्याच्या एका तरुण मास्तराचा.

गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली बी. ए. झाले. वडील १८७९ मध्येच वारले होते. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवत. १८८५ मध्ये गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. हिराबागेतल्या समारंभात दारावर उभं राहून त्यांनी निमंत्रणपत्रिकेवाचून आलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनाच अडवलं, अशी हकिकत चरित्रकार सांगतात. ती खरी असो वा नसो, १८८७ च्या सुमारास रानड्यांनी या मुलाला हाताशी धरलं, आणि ते शिकणं रानडे जाईपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत चाललं.

शिकणं म्हणजे काय, तर रूक्ष काम. सरकारी अहवाल वाचायचे, जमाखर्चाचे तक्ते उलगडायचे, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या अर्जाचा मसुदा करायचा, तो रानड्यांपुढे ठेवायचा आणि ते सांगतील तसा पुन्हा लिहायचा. सभेचं त्रैमासिक १८७८ पासून निघत होतं. १८९० मध्ये गोखले सभेचे चिटणीस झाले तेव्हा तेही त्यांच्याकडे आलं. वय चोविसाचं. या वयाचा आमचा अधिकारी वरिष्ठांनी टिपणावर दोन शेरे मारले की दिवसभर घुम्यासारखा बसायचा.

गोखल्यांनाही वैताग येत असे. एवढा खपून अर्ज लिहायचा आणि सरकारकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर यायचं. मग कशाला हा खटाटोप, असं त्यांनी एकदा रानड्यांना विचारलं. रानड्यांचं म्हणणं असं की अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो असतो लोकांसाठी. या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना त्यातून कळतं. ही आठवण पुढे गोखल्यांनीच सांगितली. त्यांनी सांगितलेली दुसरी आठवण मला जास्त आवडते. १८९७ ची अमरावतीची काँग्रेस आटोपून दोघं परतत होते. पहाटे चारला गोखल्यांना जाग आली, तर डब्यात रानडे उठून बसलेले, हातांनी ताल धरून तुकोबांचे दोन अभंग पुन्हा पुन्हा म्हणताहेत. आवाज काही गोड नव्हता, हेही गोखले सांगून टाकतात. पहाटे उठण्याचा एवढा एकच दाखला मी वर्गात देत असे.

रानडे १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईला गेले. पण आकड्यांसाठी गोखल्यांना आणखी एक गुरू होते. गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरच्या सरकारी शाळेचे हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. त्यांचे लेख त्रैमासिकात निनावी यायचे. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, त्या साक्षीमागे या सोलापूरकराची मोठी मेहनत होती. श्रेय मात्र इतिहासात त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. आमच्याही खात्यात असे जोशी होते; बढतीच्या यादीत ते दिसायचे नाहीत.

२६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय विधिमंडळात गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. सरकार सुमारे सात कोटींच्या शिलकीवर खूश होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवलं की ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे. गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची ती खूण आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं कोणी म्हणणार नाही, पण दर वर्षी टोचणारा माणूस तोच होता.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा स्वतः घेतलेली तालीमच नियमात घातली. नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारी, वाचन, देशभर प्रवास. खर्चाला रक्कम बेताची. द्रविड, देवधर, पटवर्धन हे पहिले; शास्त्री, ना. म. जोशी, ठक्करबाप्पा मागाहून आले. १९१५ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत नाव कमावून गांधीजी परतले, तर त्यांनाही गोखल्यांनी वर्षभर देश हिंडायला आणि सार्वजनिक प्रश्नांवर न बोलायला सांगितलं. त्यांनी ते पाळलं. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. आपल्याला घेण्यावरून सभासदांत मतभेद आहेत हे बघून गांधीजींनी समाजाच्या सभासदत्वाचा अर्ज मागे घेतला, पण वर्ष पुरं केलं.

हा भाग आला की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारी, "सर, पाच वर्षं म्हणजे ट्रेनिंगचा भत्ता मिळत होता का?" मिळत होता, महिना तीस रुपये.