काखेत गाठ: अवधाण, काखमांजरी की आणखी काही?

हाताकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचे जाळे काखेतून जाते. त्यांच्याभोवतीच्या चरबीत साधारण २० ते ३० लसिकाग्रंथी असतात. हात, छातीची भिंत आणि स्तन यांतून येणारा लसिकाद्रव त्या गाळतात. म्हणून गाठ काखेत दिसली, तरी मूळ दुखणे अनेकदा दुसरीकडे असते.

पेण-रोह्याकडे भातलावणीत किंवा गणपतींच्या कारखान्यात हाताला जखम होते, ती चिघळते आणि काखेत दुखरी गाठ येते. हेच अवधाण. आधी बोटे आणि नखे नीट पाहा. जखम बरी झाली की गाठ हळूहळू उतरते. हातावर लाल रेघ चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

काखमांजरी त्वचेतच, केसाच्या मुळाशी होते. ती पिळू नका. कोमट पाण्याच्या फडक्याने शेका. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

बाळाला डाव्या दंडावर बीसीजी दिल्यानंतर त्या काखेत छोटी गाठ येऊ शकते. ती बहुधा आपोआप जाते. वाढली किंवा मऊ पडली तर दाखवा.

न दुखणारी, कडक गाठ दोन आठवडे टिकली, तर थांबू नका. त्यामागे क्षयरोग किंवा स्तनाचा कर्करोग असू शकतो. स्तनात गाठ लागत नसली तरी तपासून घ्या. डॉक्टर सोनोग्राफी आणि सुईने पेशींची तपासणी सुचवतील. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कर्करोगासाठी टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र परळपेक्षा जवळ आहे.