कार्यप्रगती व कार्यरद्दीकरण, संगणकीय

दीर्घकाळ चालणाऱ्या संगणकीय कार्याची प्रगती कळणे व ते मध्येच थांबविता येणे, या सोयी सावकाश आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० या संगणकासाठी छिद्रित पत्रांचा गठ्ठा देऊन निष्पत्तीची वाट पाहावी लागे. अमेरिकेत १९६१ मध्ये प्रात्यक्षिक झालेल्या कालविभाजन पद्धतीत मात्र वापरणाऱ्यास आपल्या टंकयंत्रावरून कार्य तोडता येई. टक्केवारीदर्शक पट्टी वापरणाऱ्यांना उपयुक्त वाटते, असे मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखविले. तिचा अंदाज पुष्कळदा फसवा असतो, ही गोष्ट वेगळी. रद्दीकरण अधिक बिकट आहे. कार्य बळाने तोडल्यास सामायिक माहिती अर्धवट बदललेल्या अवस्थेत राहू शकते. म्हणून जावा भाषेतील तशी आज्ञा १९९८ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली. त्याऐवजी थांबण्याची विनंती नोंदवितात व कार्य ती सुरक्षित टप्प्यावर तपासून स्वतः थांबते. ही तपासणी आज्ञावलीत लिहावयाची राहिली, तर विनंती व्यर्थ जाते.