वितळ-प्रवाह व स्फटिकीभवन (कार्बन-तंतू संमिश्रांतील)

वितळलेला पॉलिमर कार्बन तंतूंमधून वाहताना त्याच्या रेणुसाखळ्या ताणल्या जातात. त्यामुळे पुढे थंड होताना स्फटिक बनण्याचा वेग व स्फटिकांची मांडणी बदलते. यास प्रवाहप्रेरित स्फटिकीभवन म्हणतात. पीक (पॉलिईथर-ईथर-कीटोन), नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन अशा अर्धस्फटिकी थर्मोप्लास्टिकांपुरताच हा परिणाम आहे. तेजस विमानातील कार्बन-इपॉक्सी भागांना तो लागू नाही. इपॉक्सी जाळीबद्ध होऊन घट्ट होते, तिच्यात स्फटिक बनत नाहीत.

स्फटिकीभवनात प्रवाहाचा उपयोग इतरत्रही होतो: साखर कारखान्यांत पॅनमधला मॅसेक्वीट (साखरेचे दाणे व पाक यांचे मिश्रण) फिरता ठेवतात, ते पाकातली साखर दाण्यापर्यंत पोचत राहावी म्हणून. पॉलिमरात प्रवाह याहून खोल काम करतो: तो रेणूची ठेवणच बदलतो. ताणलेल्या साखळीची एन्ट्रॉपी आधीच घटलेली असल्याने स्फटिकवाढ जेथून सुरू होते ती केंद्रके सहज जमतात. मात्र ताण पडण्याचा वेग साखळी सैलावण्याच्या वेगाहून जास्त हवा. म्हणूनच सावकाश सैलावणाऱ्या सर्वांत लांब साखळ्या, संख्येने थोड्या असूनही, निर्णायक ठरतात.

कार्बन तंतू साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो. तंतूंमधल्या अरुंद फटींत वितळाचे थर एकमेकांवरून अधिक वेगाने घसरतात (अशा घसरण्यास कर्तन म्हणतात). शिवाय तंतूचा पृष्ठभाग स्वतःही केंद्रके पुरवू शकतो. तेथून तंतूला लंब दिशेने वाढणाऱ्या थरास ट्रान्सक्रिस्टलाइन थर म्हणतात. पृष्ठभाग आणि प्रवाह यांचे श्रेय वेगळे काढणे हाच या विषयातील खरा कठीण भाग आहे.

पीक सुमारे ३४३° से.ला वितळते. ३५०° से.ला पुरेशा वेगाने कर्तन देऊन मग थंड केल्यास ते कित्येक पटींनी लवकर स्फटिकते. प्रवाहाची ही खूण वितळबिंदूच्या किंचित वरही टिकते, पण बरेच अधिक तापवल्यास पुसली जाते. साच्यातील तापमान व थांबण्याचा वेळ यांना म्हणूनच महत्त्व आहे.

या क्षेत्रातील संशोधक गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी कॅलटेकमध्ये ज्युलिया कॉर्नफील्ड यांच्यासह पॉलिप्रॉपिलीनवर अल्पकाळ कर्तन देऊन केलेले प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व नंतर आयआयटी मुंबईत काम केले.

व्यवहारात प्रवाहाचा प्रभाव आखूड तंतूंच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये सर्वाधिक असतो, विशेषतः साच्याच्या भिंतीलगत. अखंड तंतूंच्या टेपा दाबून जोडताना वितळ फार सावकाश झिरपतो. तेथे थंड करण्याचा वेग आणि तंतूचा पृष्ठभाग यांचेच पारडे जड राहते.