शंका आणि सबब : पाटण तालुक्याचे दोन धडे

विज्ञानावर शंका घेणे हा काही गुन्हा नव्हे. शंकेवाचून विज्ञान पुढे सरकत नाही. प्रश्न एवढाच की, शंका आल्यावर आपण काय करतो? याचे दोन दाखले सातारा जिल्ह्यातील एकट्या पाटण तालुक्यात सापडतात.

पहिला दाखला कोयनेचा. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी त्या काळच्या जाणकारांची समजूत होती. 1962 च्या सुमारास धरणात पाणी साठू लागले आणि परिसरात जमीन हादरू लागली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे दगावली. जलाशयामुळे भूकंप होतो का, यावर शास्त्रज्ञांत दुमत होते. पण वाद मिटेपर्यंत कुणी हातावर हात ठेवून बसले नाही. तडे गेलेल्या धरणाला मजबुती दिली गेली, भूकंपमापक वाढले, नकाशात कोयनेचा पट्टा अधिक धोक्याच्या श्रेणीत गेला. 2017 साली तर तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन अभ्यास पुढे नेण्यात आला. शंका जिवंत राहिली आणि कामही चालू राहिले.

दुसरा दाखला सह्याद्रीचा. 2010 मध्ये केंद्र सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल आला, पण तो दडवून ठेवण्यात आला. माहितीच्या अधिकाराचा लढा दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा कुठे मे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. मग डॉ. कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला. त्याने 2013 मध्ये घाटाचे सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरविण्याची शिफारस केली. त्यात सातारा-सांगलीचा डोंगरी भागही होता. 2014 ते 2024 या दहा वर्षांत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले.

गाडगीळ समितीने ग्रामसभेला निर्णयात स्थान द्या, असे सांगितले होते. गावात मात्र पोचले ते ‘शेती बंद, घर बंद’. लोकांनी त्यावर विश्वास का ठेवला? कोयना धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा लढा धरण भरून पन्नास वर्षे उलटल्यावरही चालूच होता. त्यात 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. ज्याची जमीन एकदा गेली, तो सरकारी नकाशाकडे संशयाने पाहणारच. हा संशय प्रामाणिक होता. ज्यांना खाणी आणि बांधकामे हवी होती, त्यांनी त्याचा आडोसा घेतला.

दरम्यान पाऊस बदलत होता. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डॉ. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखविले. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे दरडींनी घरे गाडली. मीरगाव तर कोयनेच्याच खोऱ्यातले.

तेच पाणी खाली सांगलीत येते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी 45 फूट असताना. सारा दोष अलमट्टीवर टाकला गेला. 2020 मध्ये वडनेरे समितीने तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. शेजारच्या राज्याला बोल लावणे सोपे असते. आपल्याच ओढ्यानाल्यांवरची बांधकामे हटविणे अवघड.

हवामान बदलाचा प्रत्येक निष्कर्ष अंतिम आहे, असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. शंका जरूर घ्यावी. पण कोयनेत शंकेने मोजमाप वाढविले, आणि घाटात तिने निर्णय लांबविला. पहिलीला शंका म्हणावे, दुसरीला सबब. डोंगराखालच्या माणसाला त्याच्या गावाचा नकाशा त्याच्या भाषेत, त्याच्या ग्रामसभेत दाखविला, जुनी देणी आधी चुकविली, तर तो शास्त्राचा वैरी राहणार नाही. दरडीची भीती शहरातल्या कुणाहीपेक्षा त्यालाच जास्त आहे.