जतनक्षेत्रांचे लोकसहभागी मूल्यांकन

इंग्लंडमध्ये कायद्याने जाहीर झालेल्या वारसा जतनक्षेत्रांची स्थानिक रहिवाशांनी प्रशिक्षण घेऊन, विनामोबदला केलेली पाहणी. क्षेत्राचे वैशिष्ट्य कशात आहे, त्यातले काय शाबूत आहे, काय बिघडले आहे आणि पुढे कशाचा धोका आहे, हे स्वयंसेवक गल्लोगल्ली फिरून लिहून काढतात. हा अहवाल स्थानिक कौन्सिलने रीतसर स्वीकारला, की त्या भागातील बांधकामाचे अर्ज निकाली काढताना तो विचारात घेतला जातो. इंग्लंडमध्ये सुमारे १०,००० जतनक्षेत्रे आहेत. एवढ्या क्षेत्रांची वेळोवेळी पाहणी करणे कौन्सिलच्या मोजक्या तज्ज्ञांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने या कामात लोकांचा वाटा मोलाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी : नागरिकांनी जुन्या इमारतींच्या नोंदी ठेवण्याची परंपरा तेथे जतनक्षेत्रांच्या कायद्याहून बरीच जुनी आहे. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. पूर्व लंडनमधील ब्रॉम्लीचा जुना राजवाडा पाडला गेल्याने अस्वस्थ झालेले वास्तुविशारद सी. आर. ॲशबी यांनी १८९४ मध्ये स्वयंसेवकांची एक समिती जमवली. आणखी इमारती नष्ट होण्याआधी त्यांची मोजमापे व रेखाटने करून ठेवावीत, हा तिचा हेतू होता. ‘सर्व्हे ऑफ लंडन’ ही आजही चालू असलेली ग्रंथमाला याच प्रयत्नातून उभी राहिली.

१९४७ च्या नियोजन कायद्याने महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करण्याची सोय झाली. मात्र एकेक इमारत वाचवून आळी वाचत नाही, हे युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या काळात उघड झाले. रस्ता रुंदीकरण आणि नव्या बाजारपेठांपायी शहरांचे जुने गाभे भराभर बदलत होते. डंकन सँडिस यांनी १९५७ मध्ये सिव्हिक ट्रस्ट स्थापन केला. पुढे त्यांनीच खासदार या नात्याने मांडलेल्या विधेयकातून १९६७ चा नागरी सुविधा कायदा झाला आणि संपूर्ण परिसराला संरक्षण देण्याची तरतूद प्रथमच आली. त्याच वर्षी लिंकनशर परगण्यातील स्टॅमफर्ड हे गाव इंग्लंडमधील पहिले जतनक्षेत्र ठरले.

कायद्याचे स्वरूप : सध्या १९९० चा वारसा इमारती व जतनक्षेत्रे यांविषयीचा कायदा लागू आहे. वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने विशेष असलेले भाग निवडून जाहीर करणे, त्या निवडीचा अधूनमधून फेरविचार करणे आणि जतनाचे प्रस्ताव तयार करून ते सार्वजनिक सभेपुढे ठेवणे, ही कौन्सिलची कर्तव्ये आहेत. जतनक्षेत्रात इमारत पाडण्यासाठी सहसा परवानगी लागते. झाड तोडायचे किंवा छाटायचे असेल, तर काही अपवाद वगळता सहा आठवडे आधी कळवावे लागते.

मात्र एक मोठी फट राहते. वारसा यादीत नसलेल्या साध्या घराचा मालक जतनक्षेत्रातही खिडक्या, दारे किंवा छपराची कौले बऱ्याचदा परवानगीशिवाय बदलू शकतो. ही मुभा काढून घेण्यासाठी कौन्सिलला ‘कलम ४’ खाली वेगळा आदेश काढावा लागतो आणि त्यासाठी सबळ पुरावा हवा असतो. स्वयंसेवकांच्या नोंदी येथेच कामी येतात.

पाहणीची पद्धत : प्रथम जुने नकाशे, छायाचित्रे आणि कागदपत्रांवरून क्षेत्राचा इतिहास जुळवतात. मग दोघा-तिघांचे गट नकाशा, ठरावीक नमुन्याचा तक्ता आणि कॅमेरा घेऊन नेमून दिलेला रस्ता पायी पाहतात. घरांची उंची व रांग, भिंतींचा दगड किंवा वीट, छपरे, धुराडी, दुकानांच्या दर्शनी बाजू, पदपथाच्या कडेचे दगड, दिव्याचे खांब, झाडे, मोकळ्या जागा आणि रस्त्याच्या वळणावरून दिसणारी दृश्ये, अशा सगळ्यांची नोंद होते. ऑक्सफर्ड सिटी कौन्सिलने नागरिकांसाठी केलेल्या तक्त्यात प्रकाश, आवाज व वास यांनाही स्थान आहे. कारण परिसराचे रूप केवळ डोळ्यांना जाणवत नाही.

नोंद किती बारकाईची असावी लागते, हे खिडकीवरून कळते. जुन्या घरांतील वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडकीच्या काचांमधील पट्ट्या बोटभर रुंदीच्या असतात आणि जुनी काच किंचित लहरदार असल्याने तिच्यातले प्रतिबिंब हलते. तिच्या जागी प्लॅस्टिकची खिडकी आली, की चौकट जाड होते आणि सपाट काच आरशासारखी चमकते. एका घरात हा बदल नजरेआड होतो. पण रांगेतील सात-आठ घरांनी तो केला, की गल्लीचा चेहरा पालटतो. म्हणून ‘जुन्या खिडक्या आहेत’ असे मोघम न लिहिता कोणत्या घरात कोणती खिडकी आहे, हे छायाचित्रासह नोंदवणे अपेक्षित असते.

धोक्यांची गणती : इंग्लिश हेरिटेज या शासकीय संस्थेने २००९ मध्ये कौन्सिलांकडून माहिती मागवली, तेव्हा पाहणी झालेल्या क्षेत्रांपैकी सातातील एक धोक्यात असल्याचे दिसले. धोक्यांच्या यादीत प्लॅस्टिकची दारे-खिडक्या सर्वांत वर होती. खराब रस्ते व पदपथ, फलकांची गर्दी, मोटार उभी करण्यासाठी पाडलेल्या अंगणाच्या भिंती आणि डिश अँटेना हीही कारणे पुढे आली. मोठ्या पाडकामाइतकीच किरकोळ बदलांची साखळी घातक असते, हे यातून ठळक झाले.

लिंकनशरचे उदाहरण : ‘हेरिटेज लिंकनशर’ या न्यासाने स्वयंसेवकांना शिकवून परगण्यातील वारसास्थळांची व जतनक्षेत्रांची स्थिती तपासण्याचा प्रकल्प राबवला. इमारतीची डागडुजी, वापर आणि धोका कसा ओळखावा, याचे धडे त्यांना मिळाले. स्टॅमफर्ड परिसरातील घरांवर कॉलीवेस्टन येथील चुनखडीच्या पातळ फरश्यांची छपरे आढळतात. खाणीतला ओला दगड हिवाळ्यात उघड्यावर ठेवला, की आतले पाणी गोठून तो थराथरांत सुटतो आणि त्यापासून या फरश्या बनतात. असे छप्पर ओळखता येणारा शेजारी गळती वेळीच हेरतो आणि दुरुस्तीला तोच दगड वापरण्याचा आग्रह धरू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले, तेव्हा इमारतींबरोबर वारसा परिसरांनाही संरक्षण मिळाले. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान लाभले. या प्रस्तावामागे दक्षिण मुंबईतील रहिवाशांच्या संघटनांनी अनेक वर्षे नेट धरला होता. ‘आर्ट डेको मुंबई’ हा न्यास शहरातील त्या शैलीच्या इमारतींची पद्धतशीर नोंद करतो.

महत्त्व व मर्यादा : रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला जे दिसते, ते वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याला दिसेलच असे नाही, लोकसहभागाचे खरे बळ यात आहे. मात्र नुसत्या जिव्हाळ्यावर अहवाल टिकत नाही. स्वयंसेवकांमध्ये निवृत्त व सुस्थितीतील रहिवाशांचा भरणा झाला, तर भाडेकरू, दुकानदार आणि नव्याने आलेल्या समाजांना जवळच्या वाटणाऱ्या जागा सुटून जातात. जतनाचा आधार घेऊन शेजारी नवी घरे होऊच द्यायची नाहीत, असाही सूर कधी उमटतो. म्हणून पाहणीचे निकष आधी जाहीर करणे, नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेणे आणि मसुदा सर्वांच्या हरकतींसाठी खुला ठेवणे आवश्यक ठरते. पाहणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. जुन्या अहवालातली खिडकी आज जागेवर नसेल, तर परवानगी नाकारल्याविरुद्धच्या अपिलाच्या सुनावणीत त्या अहवालाचे वजन कमी होते आणि उरलेल्या खिडक्यांची बाजू मांडणे अवघड होऊन बसते.