प्रकाशशोधकाचा वेग मोजायचा कसा?

प्रकाश पडताच विजेचा संकेत देणाऱ्या साधनाला प्रकाशशोधक म्हणतात. दूरचित्रवाणीच्या रिमोटचा किरण ओळखणारा चिमुकला फोटोडायोड हाही शोधकच आणि प्रकाशीय तंतूच्या टोकाशी बसून दूरवरून आलेले संदेश उलगडणारा ग्राहकही शोधकच. यातील ‘पडताच’ हा शब्द मात्र सैल आहे. प्रत्येक शोधकाला जागे व्हायला थोडा वेळ लागतो आणि पुन्हा शांत व्हायलाही. तो वेळ नेमका किती, हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही.

या वेळेवर बरेच काही अवलंबून असते. सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तंतूत एका बिटाच्या वाट्याला अवघे १०० पिकोसेकंद येतात; पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग. शोधक याहून रेंगाळला, तर एका बिटाची सावली पुढच्या बिटावर पडते. लेसर स्पंदाने अंतर मोजणाऱ्या लायडार यंत्रात वेळेची एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतराची १५ सेंटिमीटरची चूक. लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या आणि २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या ‘मेस’ दुर्बिणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी चेरेन्कोव्ह प्रकाशाची चमक काही नॅनोसेकंदच टिकते. तिच्यासाठी दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशगुणक नलिका बसवल्या आहेत. त्या मंद असत्या, तर रात्रीच्या आकाशाच्या सामान्य उजेडात ती चमक बुडून गेली असती.

मंदपणाची ही अडचण जुनीच आहे. समुद्राखालील तारांच्या तपासणीसाठी वापरलेल्या सेलेनियमचा रोध उजेडात बदलतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये जाहीर केले. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी सेलेनियमच्याच आधारे प्रकाशावरून आवाज पाठवून दाखवला. चित्रे पाठवू पाहणाऱ्यांची मात्र याच पदार्थाने निराशा केली. भराभर बदलणाऱ्या उजेडामागे धावणे त्याला जमेना.

शोधकावर एकाएकी प्रकाश टाकला की संकेत चढत जातो. अंतिम उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा चढ-काळ, म्हणजेच ‘राइज टाइम’. उतार वेगळा मोजावा लागतो, कारण तो चढाइतकाच असेल याची खात्री नसते. उष्णतामापी शोधकांसाठी बहुधा ६३ टक्के उंची गाठण्याचा वेळ दिला जातो. हे दोन आकडे एकच समजून तुलना केली तर फसगत ठरलेली. साध्या शोधकात पहिला दुसऱ्याच्या २.२ पट असतो.

मंद शोधकाची परीक्षा खाचा पाडलेल्या फिरत्या तबकडीने घेता येते. ५ सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी सेकंदाला १०० फेरे घेत असेल, तर तिची कड सेकंदाला सुमारे ३१ मीटर धावते. प्रकाशाचा ठिपका ०.१ मिलिमीटरचा असला, तरी तो पूर्ण उघडायला सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे नॅनोसेकंदांच्या प्रदेशात तबकडी निरुपयोगी ठरते. तिथे लेसरचे अतिलघु स्पंद लागतात आणि वेगवान ऑसिलोस्कोपही.

खरी मेख पुढेच आहे. पडद्यावर दिसणारा चढ एकट्या शोधकाचा नसतो. त्यात प्रकाशस्रोत आणि ऑसिलोस्कोप यांचाही मंदपणा मिसळलेला असतो. हे काळ सरळ बेरजेने नव्हे, तर वर्गांच्या बेरजेने एकत्र येतात. पडद्यावर ५ नॅनोसेकंद दिसले आणि उपकरणांचे मिळून ३ असले, तर शोधकाचे ४ उरतात. पण शोधक खरोखर १ नॅनोसेकंदाचा असेल, तर त्याच उपकरणांवर ३.२ दिसतील आणि वजाबाकीतून हाती येणारा आकडा भरवशाचा राहणार नाही. उपकरणे शोधकापेक्षा तिप्पट वेगवान असली, तर दुरुस्ती न करताही चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते.

जोडणीचा गोंधळ तर याहून मोठा. फोटोडायोडची धारकता १० पिकोफॅरड असेल आणि तो ५० ओहमच्या रोधाला जोडला, तर चढ-काळ १.१ नॅनोसेकंद येतो. ऑसिलोस्कोपच्या नेहमीच्या १० लाख ओहमच्या जोडणीवर तोच डायोड २२ मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे २० हजार पट मंद, आणि दोष मात्र डायोडच्या माथी. तरंगलांबीचेही तसेच. सिलिकॉनमध्ये लाल प्रकाश काही मायक्रॉनांत शोषला जातो, तर १,०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश जवळजवळ मिलिमीटरभर आत शिरतो. खोलवर जन्मलेले विद्युतभार रेंगाळत वर येतात आणि संकेताला लांब शेपूट फुटते. चढ ९० टक्क्यांवर मोजणाऱ्याला ती शेपूट दिसतही नाही. विद्युतदाब वाढवला की ती बहुधा आखूड होते. म्हणून माहितीपत्रकात रोध, विद्युतदाब आणि तरंगलांबी दिलेली नसेल, तर वेगाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रकाश अति प्रखर झाला, तरी शोधक गोंधळून मंदावतो. याची कसोटी सोपी आहे: प्रकाश निम्मा करावा. संकेताची उंची निम्मी व्हावी, आकार मात्र तोच राहावा.

अतिवेगवान शोधकांसाठी स्पंदाचा नाद सोडून देणारी एक पद्धत आहे. किंचित भिन्न वारंवारतेच्या दोन लेसरांचे किरण शोधकावर एकत्र पाडले की त्यांच्या फरकाइतक्या वारंवारतेने प्रकाश कमी-जास्त होतो. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळजवळ जुळल्यावर ऐकू येणाऱ्या घुमाऱ्यासारखा. १,५५० नॅनोमीटरच्या आसपास एका लेसरची तरंगलांबी अवघी ०.००८ नॅनोमीटरने सरकवली, की हा घुमारा १ गिगाहर्ट्झचा होतो. तरंगलांबी हळूहळू सरकवत नेऊन कोणत्या वारंवारतेला विद्युतशक्ती निम्म्यावर येते, ते पाहायचे. साध्या शोधकात ०.३५ ला त्या वारंवारतेने भागले की चढ-काळाचा अंदाज मिळतो. ३५ गिगाहर्ट्झला १० पिकोसेकंद. मात्र या पद्धतीत संकेताची केवळ उंची कळते, त्याचा कालक्रम नाही. स्पंदाचा पूर्ण आकार हवा असेल, तर पुन्हा लेसरच्या लघुस्पंदांकडेच वळावे लागते.