ज्ञान आणि भूमि

ज्ञानाला गांव असतें काय? विद्या वाऱ्याप्रमाणें सर्वसंचारी आहे, तिला सीमा नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील भूगोलशास्त्रज्ञ पीटर मॉइसबुर्गर यांस ती पटली नाहीं. ज्ञान कोठें उपजतें, कोठें अडतें आणि कोणापर्यंत पोंचत नाहीं, हे प्रश्न घेऊन त्यांनीं २००६ सालीं ‘ज्ञान आणि अवकाश’ या विषयावरील परिसंवादमाला सुरू केली. निरनिराळ्या शास्त्रांचे पंडित तींत एकत्र येत. त्यांच्या निबंधांचे ग्रंथही निघाले. २०१७ सालीं मॉइसबुर्गर निवर्तले. त्यांच्या प्रश्नाचा पडताळा मात्र मराठवाड्याच्या इतिहासांत उत्तम प्रकारें पाहावयास मिळतो.

औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराच्या, पूर्वेस मुकुंदवाडी आहे. एके काळचें हें खेडें आतां शहरांत मिसळून गेलें आहे. याच्या शिवारांतून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. निजामी राजवटींत मराठवाड्यांतील तरुणास संस्थानांतच पदवी घ्यावयाची झाल्यास याच वाटेनें सुमारें ३०० मैलांवरील हैदराबादेस जावें लागे. तेथें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती. ज्याच्या घरीं मराठी बोलली जाई, त्याला मैलांचें अंतर तोडल्यावर भाषेचें अंतर तोडावयाचें राहीच.

याचा अर्थ औरंगाबादेस विद्या नव्हती असा नव्हे. १९२३ पासून तेथें सरकारी महाविद्यालय होतें. मौलवी अब्दुल हक यांची ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’ ही संस्था पुढें दिल्लीस जाईपर्यंत याच नगरांतून ग्रंथ प्रसिद्ध करीत होती. म्हणजे उर्दू विद्येचें एक मोठें पीठ दाराशीं असूनही शेजारच्या खेड्यांतील मराठी मुलाला तें दूरच होतें. ज्ञानाचें अंतर केवळ मैलांनीं मोजून भागत नाहीं, तें असें.

१९४८ सालीं निजामी राजवट संपली, तरी तिसरें अंतर उरलें. तें जातीचें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. पुढें त्यास ‘मिलिंद’ हें नांव मिळालें. मिलिंद हा नागसेन भिक्षूस निर्भयपणें प्रश्न विचारणारा राजा. ज्यांच्या पूर्वजांस प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या मुलांस याहून समर्पक नांव कोणतें मिळावें?

२३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें आणि हैदराबादची वाट अनिवार्य राहिली नाहीं. परंतु विद्यापीठ जवळ आलें म्हणून सर्व अंतरें मिटलीं नाहींत. १९७८ सालीं विधिमंडळानें त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, तेव्हां मराठवाड्यांत दंगली उसळून दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजीं झाला. त्यास सुमारें सोळा वर्षें लागलीं.

मुकुंदवाडीवरून हैदराबादेस जाणारी गाडी एका रात्रींत मुक्कामीं पोंचे. नगरांतल्या नगरांत एक नांव विद्यापीठाच्या दारावर पोंचावयास मात्र इतका काळ लागला. ज्ञानाचा नकाशा काढणाऱ्यानें नद्या, डोंगर आणि लोहमार्ग यांबरोबर हींही अंतरें दाखविलीं पाहिजेत. नाहीं तर तो नकाशा खरा ठरावयाचा नाहीं.